करोंदीघाटचा चौथा खांदा

या दारावरची पाटी पाहिलीत ना? खडूनं चार नावं लिहिलेली असतात. दर सोमवारी सकाळी ती पुसून नवीन चार लिहितात. दोन कोकणस्थांच्या घरांतली, दोन देशस्थांच्या. ज्याचं नाव पाटीवर, त्यानं तो आठवडा करोंदीघाट सोडायचं नाही. समाजात कुणाच्याही घरी माणूस गेलं, की बोलावणं येण्याची वाट न पाहता या चौघांनी जायचं आणि खांदा द्यायचा. गेलेला माणूस कसा होता, आपलं त्याच्याशी पटत होतं की नाही, हे विचारायचं नाही. बदली चालत नाही. गेल्या वैशाखात आमच्या श्रीनिवास टेंब्यांच्या सख्ख्या पुतण्याचं लग्न इंदूरला झालं. टेंबे इथंच बसून होते, कारण त्यांचं नाव पाटीवर होतं.

तुम्ही तुमच्या घराण्याची माहिती काढायला आलात. समाजाच्या जुन्या वह्या मी तुम्हांला दाखवीनच, बेचाळीस वर्षं चिटणीस होतो मी इथं. पण ही हकिकत त्या वह्यांत नाही. ती कुणी लिहूनच ठेवली नाही. मी आत्याकडून ऐकली, आत्यानं तिच्या सासूकडून.

आपली माणसं इथं नर्मदाकाठी आली ती सरदारांच्या मागून. कुणी दप्तरात लिहायला, कुणी पूजेला. इथले लोक सगळ्यांना सरसकट 'दक्षिणी' म्हणत. परमुलखात घरं थोडी, म्हणून कोकणस्थ-देशस्थ असा भेद फारसा उरला नव्हता. मुलीही एकमेकांत दिल्या जात. सगळ्यांची मिळून एकच सभा होती. परिक्रमेला निघालेल्यांना ती जेवू घाले, गरिबांच्या मुंजी लावून देई, वेदपाठशाळा चालवी. साठ वर्षं हे नीट चाललं. मग सभेची नवी वास्तू झाली आणि वास्तुशांतीच्या पंक्तीत पहिलं तीर्थ कुणाच्या हातावर घालायचं यावरून बोलाचाली झाली. तेवढ्यावरून सभा फुटली म्हणे. वर्षाच्या आत रस्त्यापलीकडे दुसरी सभा उभी राहिली. इकडे कोकणस्थ, तिकडे देशस्थ. इकडचे प्रमुख विसाजीपंत आगाशे, तिकडचे बाळकृष्णपंत हिरपाठक. दोघांनीही आपापल्या सभेत एकच नियम केला. समोरच्यांच्या दारी लग्नाला जायचं नाही आणि मर्तिकालाही जायचं नाही. जो जाईल तो बाहेर.

विसाजीपंतांची मुलगी द्वारका. सभा फुटण्याआधीच तिचं लग्न रंगनाथ निघोजकर नावाच्या देशस्थ मास्तरांशी झालं होतं. दोन्ही सभांची माणसं आपापल्या सभासदांच्या वहीत मास्तरांची सही मागायला आली. मास्तर म्हणाले, "माझी बायको कोकणस्थ, मी देशस्थ. मी कुठं सही करू?" त्यांनी कुठंच केली नाही. तेव्हापासून त्या घराशी दोन्हीकडचा व्यवहार तुटला. द्वारकाबाईंना माहेर चार घरांवर होतं, पण सहा वर्षांत त्यांनी तिथला उंबरा ओलांडला नव्हता.

मग प्लेगचं साल आलं. अर्धा गाव शेतांत झोपड्या घालून राहिला. मास्तरांच्या काखेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. मूलबाळ नव्हतं. द्वारकाबाई आधी हिरपाठकांच्या दारी गेल्या. हिरपाठक म्हणाले, "मास्तर आमच्यात आले असते तर आलो असतो. वडिलांना विचार." त्या वडिलांच्या दारी गेल्या. विसाजीपंत ओसरीवर होते. ते खाली उतरले नाहीत.

"नियम मीच केलाय, द्वारके. मीच मोडला तर उद्या कोण पाळील?"

"मी नियमाचं विचारायला नाही आले, बाबा. चार माणसं मागायला आले आहे."

विसाजीपंत उठून आत गेले.

घाटावर नावा चालवणारे दोन केवट भाऊ होते, घासी आणि परसादी. मास्तरांनी त्यांना अक्षरओळख करून दिली होती. ते न बोलावता आले. तिरडी त्यांनीच बांधली. "बाईसाब, हम दो हैं," घासी म्हणाला. द्वारकाबाई म्हणाल्या, "तिसरी मी." बाईमाणसानं स्मशानात जाणं तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं. पण चौथा नव्हता. त्यांनी तिरडी दोन सभांच्या मध्ये, भर रस्त्यात ठेवली आणि वाट पाहिली. सकाळ गेली, माथ्यावर ऊन आलं. दोन्हीकडच्या खिडक्या लावलेल्या होत्या. आत माणसं आहेत हे कळत होतं, कारण मधूनच कुणीतरी खोकत होतं.

चार तासांनी त्यांनी तिरडी तिघांतच उचलली. चौथा कोपरा जमिनीला टेकत, घासत गेला. त्याची रेघ या दारापासून घाटापर्यंत उमटली आणि पावसाळा लागेपर्यंत ती गेली नाही, असं सांगतात. अग्नी द्वारकाबाईंनीच दिला. त्यानंतर त्या घरी परतल्या नाहीत. केवटांच्या वस्तीत एका खोपटात राहिल्या.

दहा दिवसांनी विसाजीपंतांचा धाकटा मुलगा वासुदेव तापानं गेला. तोवर त्यांच्या सभेतले धडधाकट लोक पळून गेले होते. उरले ते आजारी नाहीतर म्हातारे. विसाजीपंत सकाळी चालत वस्तीवर आले आणि खोपटाबाहेर उभे राहिले.

"द्वारके, वासू गेला."

त्या बाहेर आल्या. वासूला त्यांनी कडेवर खेळवलं होतं.

"येते," त्या म्हणाल्या. "मी आणि हे दोघं. चौथा तुम्ही समोरच्या दारातून आणा."

"मीच देतो ना खांदा."

"तुम्हांला मडकं धरायचंय. चौथा समोरूनच आणावा लागेल."

"आणि नाही आला तर?"

"तर रस्त्यात थांबू. मला सवय आहे."

विसाजीपंत रस्ता ओलांडून हिरपाठकांच्या पायऱ्या चढले. सहा वर्षांत पहिल्यांदा. हिरपाठकांची बायको आत तापात होती. काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. एवढंच सांगतात की हिरपाठक अनवाणीच बाहेर आले, तिरडीशी वाकले, आणि द्वारकाबाईंशी नजर न मिळवता त्यांनी चौथा कोपरा उचलला. पाचव्या दिवशी त्यांची बायको गेली, तेव्हा चौथा खांदा विसाजीपंतांचा होता.

त्यानंतर अठरा दिवसांत तेवीस माणसं गेली. प्रत्येक दारात द्वारकाबाई आणि ते दोघे भाऊ येऊन उभे राहत. चौथा माणूस समोरच्या सभेतून आल्याशिवाय त्या तिरडीला हात लावत नसत. कुणी रडलं, कुणी शिव्या दिल्या. त्या थांबून राहत. शेवटी कुणीतरी यायचंच. आपल्याही घरी उद्या हेच आहे, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं.

प्लेग सरला. उरलेल्या सतरा घरांनी पुन्हा एकच सभा केली आणि पहिला ठराव केला तो या पाटीचा. मग सगळे मिळून द्वारकाबाईंना घरी आणायला गेले. लुगडं, नारळ घेऊन. त्या दारात आल्या.

"त्यांना चार तास उन्हात ठेवलंत," त्या म्हणाल्या. "ज्यांना माणूस नव्हतं त्यांच्यासाठी मी आले. तुमच्यासाठी नाही आले."

त्यांनी दार लावलं. विसाजीपंत दिवसभर बाहेर बसून राहिले. दार उघडलं नाही. ते त्याच वर्षी गेले. त्यांना खांदा द्यायला मात्र द्वारकाबाई आल्या, आणि तिथूनच वस्तीवर परत गेल्या.

पुढं त्या अकरा वर्षं जगल्या. केवटांच्या मुलींना लिहायला शिकवायच्या. माघातल्या एका सोमवारी समाजाला कळलं की त्या गेल्या. पाटीवरचे चौघे तसेच निघाले. त्यांच्या मागोमाग सगळा समाजच निघाला, बायकासुद्धा. वस्तीवर पोचले तर खोपट सारवून स्वच्छ केलेलं होतं. तीन दिवस होऊन गेले होते. घासी म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "बाई बोल के गई थी, उनको मत बुलाना." कुठं नेलं, कुठल्या काठावर अग्नी दिला, हे त्यानं सांगितलं नाही. लोकांनी विनवण्या केल्या. तो जाळं विणत राहिला.

आजही माघातल्या त्या सोमवारी समाजाचा अध्यक्ष आणि चिटणीस केवटांच्या वस्तीवर जातात. अनवाणी जातात. वस्तीतल्या सर्वांत वयस्कर माणसापुढे हात जोडून एकच प्रश्न विचारतात, बाईंना कुठं नेलं होतं? मी स्वतः बेचाळीस वेळा विचारला आहे. ते आम्हांला बसायला घोंगडी देतात, चहा देतात. उत्तर देत नाहीत.