हैबतीबाबाची आकडी

फार वर्षांपूर्वी, कौलं अजून डोंगर चढून वर आली नव्हती तेव्हा, कुसरवाडीत सगळी घरं गवतानं शाकारलेली होती. घराला घर लागून. उन्हाळ्यात कुठं ठिणगी पडली, की जो तो घागर घेऊन आपल्याच घराकडं पळायचा. पाणी सगळ्यांकडं असायचं आणि वाडी तरी जळायची.

शेवटी लोकांनी हैबतीला पुढं केलं आणि त्याच्या हातात आकडी दिली. आकडी म्हणजे लांब बांबूला बसवलेला लोखंडी आकडा. आगीच्या वाटेतलं चांगलं छप्पर तिनं ओढून पाडायचं, म्हणजे आगीला पुढं खायला काही उरत नाही. पण कुणाचं पाडायचं, हे एकट्या हैबतीनं ठरवायचं.

"मी म्हणंन ते छप्पर खाली," हैबती म्हणाला. "मागनं भांडायचं न्हाई."

येसूआजी म्हणून एक फटकळ म्हातारी होती. तिनं विचारलं, "आन् तुजं चुकलं तर रं?"

हैबतीनं आकडी खांद्यावर घेतली.

चैत्रात, भर दुपारी, खालच्या आळीला आग लागली. हैबतीनं मूठभर भुसा उडवून वारा पाहिला आणि नेमकं येसूआजीचंच छप्पर पाडायला सांगितलं. तिच्या बाळंतीण सुनेला बाहेर आणलं, छप्पर ओढलं, आणि वारा फिरला. आग दुसऱ्याच अंगाला गेली. येसूआजीचं घर फुकट उघडं पडलं.

लोक म्हणाले, वाऱ्यापुढं कुणाचं चालतं? हैबती म्हणाला, "चुकलं माजं." त्यानं आपलं घर येसूआजीला आणि तिच्या सुनेला दिलं आणि स्वतः वडाजवळच्या खडकावर जाऊन बसला. शाकारायचं गवत कापणीला येतं कार्तिकात. तोवर तो कुणाच्या छपराखाली गेला नाही. सगळा पावसाळा त्यानं उघड्यावर काढला. त्या खडकावर पाऊस पडायचाच नाही, असं म्हणतात. पडत असणार. नाहीतर त्याला जन्मभराचा खोकला कुठून लागला?

कार्तिकात येसूआजीचं घर त्यानं स्वतः शाकारलं.

पुढच्या वैशाखात पुन्हा आग लागली, पुन्हा तीच आळी. हैबतीनं भुसा उडवला. आग येसूआजीच्याच घरावर चालून येत होती. त्यानं आकडी उचलली, आणि हात थांबला. पुन्हा चुकलं तर? लोक ओरडत होते आणि तो नुसता म्हातारीकडं बघत उभा होता.

येसूआजी नातवाला कडेवर घेऊन बाहेर आली. मोकळ्या हातानं तिनं आकडी धरली.

"माज्याकडं काय बगतुस? वारा बग. आन् वढ!"

दोघांनी मिळून छप्पर ओढलं. आग त्या मोकळ्या जागेपाशी आली, गुडघे टेकून बसली आणि तिथंच विझली, असं म्हणतात. वाडी वाचली. हैबती मात्र येसूआजीच्या सुनेला-नातवाला आपल्या घरात ठेवून पुन्हा खडकावर जाऊन बसला. या वेळी चुकलं नव्हतं, पण छप्पर तर पाडलं होतं. पावसात डोक्यावर धरायला आणलेलं सूप शेजारी टेकवून येसूआजी म्हणाली, "सरक जरा." तो पावसाळा दोघांनी तिथंच काढला.

आता कुसरवाडीत पत्रे आले आहेत, तालुक्याहून बंबही येतो. तरी आकडी जपून ठेवली आहे. आगीच्या वेळी पुढं राहायला ज्याला निवडतात, त्याला ती चैत्रात, सगळ्यांसमोर देतात. देण्याआधी गावातली सगळ्यात म्हातारी बाई त्याला विचारते, "आन् तुजं चुकलं तर रं?"

तो आकडी घेतो. जाऊन खडकावर बसतो, आणि बाजूला एकाची जागा मोकळी ठेवतो.