ढोलीतले मागचे पोळे

डोंगरउतारावर जांभळाचे एक जुने झाड होते. त्याच्या ढोलीत मधमाश्यांची वसाहत नांदत असे. दारावर जी मुख्य पहारेकरीण होती, तिची नजर तिखट आणि जीभ त्याहून तिखट. तिला चुकवून मुंगीही आत जात नसे. याचा तिला फार अभिमान होता, मुलांनो, आणि तो खोटाही नव्हता.

एका वर्षी ढोलीतली दोन-चार पिल्ले मेली. पहारेकरीण म्हणाली, "हे गांधीलमाशीचंच काम. पहारा वाढवा." आत पोळे झाडूनपुसून राखणाऱ्या माश्या होत्या. त्यांतल्या निम्म्या तिने दारावर आणल्या. तर पिल्ले जास्तच मरू लागली. मग तिने बाकीच्याही आणल्या. दारात इतकी दाटी झाली की पराग घेऊन येणारीला वाट मिळेना. सगळ्यांची तोंडे बाहेर आणि घराकडे पाठ.

एक म्हातारी सफाईवाली तेवढी आत उरली होती. ती रखडत दाराशी आली. "अगं, मागच्या पोळ्यात एकदा येऊन बघ."

"मी आत आले तर दार कोण सांभाळेल? तू आपली झाडलोट कर, म्हातारे."

"एकटीनं किती झाडू? माझ्या सगळ्या पोरी इथे तुझ्या शेजारी उभ्या केल्यास. आणि काय गं, तुझी ती गांधीलमाशी आली होती कधी?"

पहारेकरणीने दाराकडे पाठ केली आणि ती आत शिरली.

मागचे पोळे जाळ्यांनी भरले होते. पिल्लांच्या खोल्या खालून पोखरल्या होत्या. एक लठ्ठ मेणकिडा मेण चघळत पडला होता. "या, या! दारावरच्या बाई ना? फार उपकार झाले तुमचे. आम्ही मागच्या फटीतून शिरायचो, पण तुमच्या सफाईवाल्या आम्हाला रोज वेचून फेकायच्या. तुम्ही त्यांना नेलंत, तेव्हा कुठे आम्ही पोटभर जेवलो."

ही बातमी कळताच तरुण माश्यांनी गलका केला. "चला, हे झाड सोडू! पलीकडच्या आंब्याची ढोली रिकामीच आहे."

"झाड बदलेल, आपण त्याच राहू," पहारेकरीण म्हणाली. "तिथेही दारात गर्दी करू, तिथेही मागे पोळं सडेल. कुणी जाणार नाही. आणि ऐका, हे गांधीलमाशीनं केलं नाही. मी केलं."

दारावर मोजक्या जणी ठेवून बाकीच्या तिने आत घेतल्या. "कीड लागलेलं सगळं तोडा."

"अगं, त्यात मध आहे!"

"असू दे."

पहिला लचका तिनेच तोडला. तोडता तोडता अर्धे पोळे गेले. ते वर्ष सर्वांनी अर्ध्या पोटी काढले. पण उरलेल्या खोल्यांत पिल्ले जगली. झाकण कुरतडून पहिली नवी माशी बाहेर आली, तिने पंख झटकले आणि ती थेट दाराकडे निघाली. "मीपण पहारा देणार!"

पहारेकरणीने तिला अडवले. "आधी ज्या खोलीत वाढलीस, ती साफ कर. दार नंतर."

तात्पर्य : माणूस असो, संस्था असो की देश, नुकसान होऊ लागले की पहिली नजर आत टाकावी. घराकडे पाठ करून दिलेला पहारा घर राखत नाही.