रांगेतला मधला धोंडा

एकदा एका तालमीतला एक पठ्ठा संध्याकाळचा व्यायाम आटोपून वस्तादांपुढे येऊन बसला आणि म्हणाला, "वस्ताद, एकदाचं खरं सांगून टाका. माझ्या अंगात ताकद आहे, की मी आपला नुसताच फुगलोय?"

प्रश्न करणाऱ्याच्या देहाकडे पाहिले असते, तर तुम्हाआम्हाला हसूच आले असते. त्याच आठवड्यात बाजारच्या दिवशी एका धान्याच्या व्यापाऱ्याची भरलेली बैलगाडी ओढ्याच्या वाळूत रुतली होती. बैलांनी गुडघे टेकले, हमालांनी हात टेकले. या पठ्ठ्याने चाकांच्या आसाखाली खांदा घातला आणि गाडी वर काढली. व्यापारी तर वेडापिसाच झाला. "अहो, उभ्या जन्मात असं बळ पाहिलं नाही! भीम हो, साक्षात भीम!" असे ओरडत त्याने सगळा बाजार गोळा केला. आयाबायांनी कडाकडा बोटे मोडली. आणि एवढे सगळे होऊन हा गडी तोंड पाडून तालमीत परतला होता.

"बाजाराचं मला सांगू नका," तो वस्तादांना म्हणाला. "त्यांना पोतं उचललं तरी नवल वाटतं. मी रोज ती रांग बघतो."

ती रांग कोणती, हे आधी सांगायला हवे. त्या तालमीच्या पाठीशी एक डोंगर होता आणि डोंगरावर मारुतीचे देऊळ. पायथ्याशी नदी. दरवर्षी चैत्री पौर्णिमेला पहाटे तालमीतल्या जवानांनी नदीच्या पात्रातून आपल्या पसंतीचा धोंडा निवडायचा, तो खांद्यावर घ्यायचा आणि डोंगराच्या उघड्या उतारावरून चढून मारुतीसमोर नेऊन ठेवायचा, अशी तिथली जुनी रीत. धोंडा वर पोचला की ढोल वाजायचे, धोंड्याला शेंदूर लागायचा आणि तो देवळाच्या ओट्यावर रांगेत बसायचा. अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रांग तिथे झाली होती. खांद्यावरून सुटलेला धोंडा मात्र जिथे पडेल तिथेच राहायचा. ज्याचा त्यानेच तो पुन्हा उचलावा, परक्याने त्याला हात लावू नये, असा दंडक होता.

आमचा पठ्ठा परगावचा. रोज पायऱ्यांनी देवळात जायचा, मारुतीला तेल वाहायचा आणि रांगेपुढे उभा राहायचा. कोणाचे लक्ष नाही असे पाहून तो एकेक धोंडा जरा हलवून बघायचा. काही हलायचे, पुष्कळसे हलायचे नाहीत. मग त्याने मनाशी एक हिशेब मांडला. रांगेत लहान आहेत, मोठे आहेत. म्हणजे बरोबर मधला जो आहे, तेवढे बळ सर्वसाधारण माणसाचे असले पाहिजे. आणि तो मधला धोंडा काही त्याच्याने गुडघ्याच्या वर येत नव्हता.

"मला कुठं मोठं व्हायचंय, वस्ताद?" तो म्हणाला. "निदान चारचौघांसारखा तरी होऊ द्या! मी नदीत धोंडा हेरून ठेवलाय, अगदी मधल्याच्या मापाचा. उद्या पौर्णिमा. एक तर तो वर नेईन, नाहीतर ही तालीम सोडून जाईन."

काय म्हणावे या माणसाला? अव्वल होण्यासाठी जीव टाकणारे आपण पाहतो. हा सामान्य होण्यासाठी जीव टाकायला निघाला होता!

वस्ताद फार म्हातारे होते, आणि बोलणे त्यांना महाग वाटायचे. त्यांनी कोनाड्यातली तेलाची बुधली उचलली. पैलवानाच्या अंगाला चोळायचे तेच ते तेल. "चल," म्हणाले आणि पायऱ्या सोडून उघड्या उताराकडे वळले.

पठ्ठा या उतारावर कधी आला नव्हता. वर्षातून एकदा पौर्णिमेला इथे वर्दळ असायची आणि तेव्हा तो वर, ढोलांजवळ, गर्दीत असायचा. एरवी तिकडे गुरेही फिरकत नसत. सूर्य मावळतीला टेकला होता. वाळलेले गवत कमरेएवढे वाढले होते आणि वारा मुळीच नव्हता. तरीही गवत मधूनच एका जागी हलायचे, थांबायचे, जरा पुढे हलायचे.

वस्ताद एका ठिकाणी उकिडवे बसले. त्यांनी गवत बाजूला केले. खाली एक काळा धोंडा होता, अर्धा जमिनीत रुतलेला. म्हाताऱ्याने तळहातावर तेल घेतले आणि धोंडा चोळायला सुरुवात केली. तालमीत थकल्या पैलवानाची पाठ चोळतात ना, तसा. आधी अंगठ्यांनी, मग तळव्यांनी, वरून खाली. आणि तोंडाने हळू आवाजात म्हणत होते, "सोड. ढिलं सोड अंग. आता कोण बघतंय?"

पठ्ठ्याच्या अंगावर सरसरून काटा आला. वस्तादांचे डोके फिरले की काय! त्याने एक पाऊल मागे घेतले आणि त्याची टाच कशावर तरी आपटली. वळून पाहतो तर गवतात आणखी एक धोंडा. त्याच्या पलीकडे दुसरा. आता एकदा नजर बसल्यावर त्याला दिसायलाच लागले. डोंगर सगळा तांबड्या मातीचा, ठिसूळ. त्यात हे काळे, गोल, गुळगुळीत धोंडे स्वतःहून येणार कुठून? नदीतले होते ते. पायथ्यापासून थेट देवळाच्या कठड्याखालपर्यंत, जिथे पाहावे तिथे होते. सांजेच्या उजेडात वाटत होते, की शेकडो माणसे गुडघ्यात डोके घालून बसली आहेत आणि हा त्यांच्या मधोमध उभा आहे.

"वस्ताद," तो कसाबसा म्हणाला, "चला, वर जाऊ."

"बस. तूही एकाला तेल लाव."

गुरूची आज्ञा. तो बसला. समोरच्या धोंड्यावर त्याने तेलाचे हात टेकले आणि दचकून मागे घेतले. धोंडा ऊन होता. दिवसभर तापला असेल, त्याने स्वतःला समजावले. पण बाजूची माती गार पडली होती. त्याने पुन्हा हात ठेवले आणि वस्ताद करत होते तसे चोळू लागला. थोड्या वेळाने त्याला ऐकू आले. कोणी तरी धापा टाकत होते. अगदी दबक्या, दातांवर दात दाबून धरल्यासारख्या. त्याने आपला श्वास रोखून पाहिला. धापा थांबल्या नाहीत.

"तुझ्या कमरेत कळ येते," वस्ताद धोंड्यावरची नजर न काढता म्हणाले. "डाव्या अंगाला. खाली मांडीपर्यंत जाते. महिना झाला असेल."

पठ्ठा थिजला. ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. रात्री कूस बदलताना तोंडात पंचा कोंबायचा तो. "तुम्हाला... कुणी सांगितलं?"

"तू ज्याला तेल लावतोयस ना, त्यालाही तिथंच यायची." म्हाताऱ्याचा हात थांबला. "माझा थोरला भाऊ. तुझ्याएवढाच होता, अंगानंही आणि खुळानंही. मला म्हणाला, धाकट्या, मला मधलं तर होऊ दे. माझा धोंडा हलका, मी पुढं गेलो, वर पोचलो. ढोल वाजत होते. गुलाल उडत होता. मला वाटलं, दादा येतोय मागनं. मी खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. तो इथं बसला होता, आणि जो बसला तो पुन्हा उभा राहिला नाही. तीन पावसाळे अंथरुणात काढले त्यानं, मग गेला."

पठ्ठ्याने त्या धोंड्यावरचे हात काढले नाहीत.

मग वस्ताद जे बोलले, ते असे: "बाळा, तू रांगेतला मधला शोधून काढलास. पण ती रांग कुणाची, हे विचारलंस का? जे पोचले त्यांची. पोचलेल्यांमधला मधला तू सगळ्या माणसांमधला मधला समजलास. अरे, खरं माप काढायचं तर हे इथले सगळे धर, जे नदीवर आलेच नाहीत ते गावातले धर, तो व्यापारी धर, हमाल धर. मग तू कुठं बसतोस ते बघ. बाजार खोटं बोलला नाही, आणि रांगही खोटं बोलत नाही. रांग फक्त अर्धं सांगते. आणि तेसुद्धा नीट अर्धं नाही. तो कठड्याखालचा बघ, केवढा आहे! त्याच्याएवढा वर एक तरी आहे का? ज्यानं तो तिथवर आणला, त्याच्याइतका बळकट माणूस या तालमीनं पाहिला नाही. पण चार हात कमी पडला आणि त्याचं नावही कुणी घेत नाही. आता सांग, कोण साधा आणि कोण असामान्य? मला नाही सांगता येत. मी आपला तेल लावतो."

बुधली रिकामी झाली तेव्हा ते दोघे परतले. वस्तादांनी "उद्या जाऊ नकोस" असे म्हटले नाही. बंदी घातलेला पैलवान चोरून जातो, हे त्यांना ठाऊक होते.

पहाटे दाट धुके होते. पठ्ठा नदीवर गेला. पाण्यात पाय सोडून तो बराच वेळ बसला. मग उठला आणि त्याने तोच धोंडा उचलला, मधल्याच्या मापाचा. खोड जात नाही, मंडळी! रात्रीचे ज्ञान सकाळी कोणाच्या कामी येते? आज इरेला पेटून त्याने तो कसाबसा गुडघ्यावर घेतला, गुडघ्याच्या वर काढून छातीला लावला, खांद्यावर चढवला आणि चढायला लागला.

निम्मा उतार त्याने चढला असेल-नसेल तोच डाव्या कमरेत विस्तव पेटला. वर ढोल वाजत होते, कोणी तरी पोचला होता. धुक्यात काही दिसत नव्हते. दिसत होते ते फक्त आजूबाजूचे धोंडे, कालच्या तेलाने चमकणारे. आणि पुन्हा त्या धापा. याचा श्वास आत गेला की त्या आत जायच्या, बाहेर आला की बाहेर. उजवीकडून, डावीकडून, पाठीमागून. त्याने पुढचे पाऊल उचलले आणि सगळ्या धापा एकदम थांबल्या. सगळा उतार श्वास रोखून त्याच्याकडे बघत होता. अंथरुणातली तीन वर्षे त्याला समोर दिसली, आपली आई पाण्याचे भांडे घेऊन उशाशी बसलेली दिसली. तो घाबरला. लहान मूल घाबरते तसा घाबरला.

मग त्याने गुडघे वाकवले आणि धोंडा हळूच खाली ठेवला. टाकला नाही, सुटला नाही. बाळाला पाळण्यात निजवावे तसा ठेवला. आणि त्याला टेकून बसला.

त्या क्षणी पायथ्यापासून कठड्यापर्यंत एक लांब, सैल उसासा उतारावरून गेला आणि गवत एका बाजूला झुकले. वारा सुटला असेल. मी आपला वारा म्हणतो.

धुक्यातून काठीचा आवाज आला. वस्ताद वरून घाईघाईने खाली उतरत होते, या वयात, ठेचकाळत. ढोलांजवळ त्यांचे लक्ष लागले नव्हते. पठ्ठ्याला धड बसलेला पाहून ते जागीच थांबले.

"काय झालं रे?"

"दम लागला, वस्ताद."

म्हातारा मटकन त्याच्या शेजारी बसला. त्याने पठ्ठ्याच्या कमरेवर हात ठेवला आणि ढसाढसा रडला. "एवढंच," तो म्हणाला, "एवढंच बोलता आलं असतं माझ्या दादाला! धोंडा टेकवू नये असं कुठल्या दंडकात आहे? कुठंच नाही रे. पण खाली टेकवला तर लोक काय म्हणतील, म्हणून खांदा मोडेस्तोवर कुणी टेकवत नाही."

एवढ्यात खालून कोणी तरी येताना दिसले. तालमीतलाच एक तरणा गडी, खांद्यावर भला मोठा धोंडा, मानेच्या शिरा तटतटलेल्या, डोळे पांढरे. या दोघांना बसलेले पाहून तो गोंधळला. थांबावे की जावे, त्याला कळेना.

"ठेव की रे जरा," पठ्ठा त्याला म्हणाला. "इथं जागा आहे."

त्या गड्याने वर ढोलांच्या दिशेने पाहिले. खाली या दोघांकडे पाहिले. मग हळूच गुडघे वाकवले.

त्याच्यामागून आणखी एक आला, तोही थांबला. वर ढोलवाले वाजवून वाजवून थकले. कोणीच वर येईना, तेव्हा काय झाले ते बघायला ते ढोल गळ्यात घेऊनच त्या उतारावरून खाली उतरू लागले.