चढावरचा काटा

"पण किती दिवस, ते सांगितलं का डॉक्टरांनी?"

इराण्णानं पुन्हा विचारलं. मोटारसायकल घाट चढत होती, आणि मागं बसलेल्या अप्पांनी ऐकू न आल्याचं सोंग छान वठवलं होतं.

"अप्पा..."

"काटा खाली आलाय म्हणाले."

"कसला काटा?"

"तुझ्या गाडीचा बघ की आधी."

इराण्णानं बघितलं. पायथ्याशी पाव टाकी दाखवणारा काटा लाल रेघेला टेकला होता. पण वळणावर रस्ता सपाट झाला आणि काटा काही घडलंच नाही असा पुन्हा वर चढला.

"चढावर भितो, उतारावर फुशारतो," अप्पा म्हणाले. "त्याच्या नादी लागू नकोस."

इराण्णाला मात्र हिशेब हवाच होता. डोंगरावरच्या अप्पांच्या मठात तो सगळ्यांत जुना शिष्य. पहाटे अप्पा डोळे मिटून बसत, त्यांच्यामागं सगळे बसत, आणि नंतर नव्या मंडळींच्या शंका इराण्णा मोठ्या थाटात फेडत असे. खरी गोष्ट अशी, की इतकी वर्षं डोळे मिटून त्याला स्वतःला काळोखाशिवाय काहीही दिसलं नव्हतं.

अप्पांना काय दिसतं, हे विचारायचं राहून गेलं होतं. पहिल्या वर्षी विचारलं असतं तर खपून गेलं असतं. आता विचारायचं म्हणजे झाकली मूठ उघडायची. म्हणून त्यानं ठरवलं होतं, अगदी शेवटी विचारू. फक्त तो शेवट कधी, तेवढं कळायला हवं होतं.

गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

रिझर्व्हचा खटका त्यानं पायथ्याच्या गावातच फिरवला होता. काटा अजूनही ऐटीत पाव टाकी दाखवत होता. इराण्णानं झाकण उघडलं, आत डोळा लावला.

"नुसता अंधार आहे, अप्पा."

"टाकीत आणि काय असणार? हलव गाडी."

अप्पा वाकले आणि त्यांनी टाकीला कान लावला. इराण्णा गाडी हलवत राहिला. पोटातल्या बाळाची चाहूल घ्यावी तसे अप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"आहे... पलीकडच्या अंगाला अडकलंय. झाकण लाव आणि डाव्या कुशीवर निजव तिला."

जन्मभर याच घाटानं मोटारसायकलवर गावोगाव हिंडलेला माणूस तो. टाकीला आतून मधोमध उंचवटा असतो आणि पलीकडचं तेल अलीकडच्या नळीला पोचत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. इराण्णानं गाडी रस्त्यावर आडवी केली. आत काहीतरी गुळगुळ करत इकडं आलं. उभी करून किका मारल्या, आणि गाडी चालू झाली!

इराण्णाला आनंद मावेना.

"अप्पा! मग डॉक्टरांचाही काटा चुकत असेल! तुमच्यात अजून पुष्कळ असेल!"

"असेल की."

"मग मी उगाच घाई..."

"मघाशी काटा काय दाखवत होता?"

"पाव टाकी."

"आणि गाडी?"

"बंद पडली."

अप्पांनी काट्याच्या काचेवर बोट टेकवलं.

"म्हणजे चुकतो, तो दोन्हीकडं चुकतो."

इंजिन तडतडत होतं. मग, इतक्या खटपटीनं चालू केलेली गाडी त्यानं आपल्याच हातानं बंद केली.

"अप्पा..."

"बोल."

"डोळे मिटल्यावर तुम्हाला काय दिसतं?"

दरीतून वारा वर येत होता.

"मला काही दिसत नाही, अप्पा. कधीच दिसलं नाही. इतरांना मी सांगतो ते सगळं... थापा."

बोलता बोलता त्याला रडू फुटलं. लाज वाटत होती, आणि हलकंही वाटत होतं.

अप्पांनी टाकीवर हात ठेवला.

"मलाही अंधारच दिसतो, लेका... म्हणून तर कान लावून बसतो."