आधी विचारून ये

रंगीत कारंज्यांच्या एका नगरात, बागेच्या भिंतीला टेकून बकुळा आणि तिचे बाबा राहायचे. वर निळं प्लास्टिक, खाली पोतं. बाबांना दिसायचं नाही. ते हाताने चाचपत खुर्च्यांचे वेत विणायचे आणि बकुळा त्यांना रस्ता दाखवायची. त्यात आता थंडी आली होती, अगदी दुष्ट थंडी.

नगराने बेघरांसाठी गुलाबी निवारा बांधला होता. छान होता हो, पण बांधताना कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. पुरुष एका टोकाला, बायका-मुली दुसऱ्या टोकाला. नगराध्यक्षबाईंचा हुकूम होता, उद्यापासून सगळ्यांनी तिथेच राहायचं. मग बाबांचा हात कोण धरणार? बकुळाला रडू आवरेना.

सकाळी ती बागेत पाणी भरायला गेली, तर जास्वंदीखाली बोटाएवढी परी कुडकुडत होती. तिचे सोनेरी, इवलेसे पंख दवाने चिंब झाले होते. बकुळाने तिला ओढणीच्या टोकात गुंडाळलं आणि तोंडाची ऊब दिली.

"गुणाची गं माझी," परी म्हणाली. "एक इच्छा माग. पण नियम आहे. ज्यांच्यासाठी मागशील, त्यांना आधी विचारून ये."

त्यात काय विचारायचं? महालच मागायचा की. तरी बकुळा गेली.

"महालात मी हरवून जाईन, बाळा," बाबा म्हणाले. "तू हाताशी असलीस की झालं."

शेजारीच फुटपाथवर राहणाऱ्या पेरूवाल्या चिमाआजी म्हणाल्या, "पोरी, माझी हातगाडी आत घेत्यात का तिथं? भाईर ठिवली तर चोरीला जाती. मग खाऊ काय?"

बकुळा विचार करत परतली. "परीताई, महाल नको. तुझा हा नियम नगराध्यक्षबाईंनाही लाव ना."

परी खुदकन हसली. तिने टिचकी वाजवली आणि रुपेरी चुरा भुरभुरत नगरावर उडाला.

दुपारी खुद्द नगराध्यक्षबाई पदर खोचून फुटपाथवर येऊन बसल्या. "मी विचारायलाच विसरले," त्या म्हणाल्या. "सांगा, काय हवंय तुम्हाला?" चिमाआजींनी त्यांना पेरू खायला लावला आणि पोटभर ऐकवलं. बघता बघता निवाऱ्याच्या भिंती सरकल्या, फाटक रुंद झालं आणि प्रत्येक कुटुंबाला चिमुकली खोली मिळाली.

संध्याकाळी परी खिडकीत आली, मधासारखा उजेड सांडून त्यातच विरून गेली.

बाबा रोज बकुळाचं मनगट घट्ट धरून झोपायचे, कुणी तिला नेईल म्हणून. आज त्यांनी दाराची कडी लावली, पुन्हा एकदा चाचपून पाहिली आणि हात मोकळा सोडून गाढ झोपले.