हुमरखोलच्या पोस्टातला रिकामा हात

ते कार्ड आले तो बुधवार अगदी साधा होता, असे हुमरखोलच्या पोस्टात अजून सांगतात.

भाऊ गेल्यावर त्याच्या नावाचे टपाल थांबवण्याचा अर्ज द्यायला मी तिथे गेलो होतो. खिडकीसमोर भिंतभर जुने चित्र आहे. खाडी, होडी, माडांतली घरे, आणि शेवटच्या दारात म्हातारीपुढे हात केलेला पोस्टमन. त्याच्या बोटांची चिमूट नीट रंगवली आहे. चिमटीत मात्र काहीच नाही.

"तुमका पण दिसला मां?" झाडू बाजूला ठेवत पोस्टात झाडलोट करणाऱ्या गोपिकाकाकी म्हणाल्या. "सगळे थंयच बघतत. बसा, सांगतंय."

पोस्ट नवे होते तेव्हाची गोष्ट. सोनू चितारी खाडीपलीकडून, दिवसभराच्या वाटेवरून, भिंत रंगवायला आले होते. घरी एकटी आई. उद्घाटनाला साहेब यायचे होते आणि पोस्टमास्तर केळुसकरांना चित्र त्याआधी पुरे हवे होते. त्या बुधवारी थैलीतून कोपरा फाडलेले, म्हणजे मरणाची बातमी आणणारे, कार्ड निघाले, चितारींच्या नावाचे. आई जाऊन चार दिवस झाले होते. बातमी कानावर पडेपर्यंत सुतक लागत नाही आणि सुतकात चितारी कुंचला धरत नाही. मास्तरांनी, म्हणे, कार्ड खणात ठेवले. सहा दिवस.

सातव्या दिवशी साहेब यायचे. आदल्या दुपारी फक्त पोस्टमनच्या चिमटीतले पत्र रंगवायचे राहिले होते.

"मास्तर, नमुन्याक एक कार्ड द्या."

मास्तर तोरणे बांधून घेत होते. मागे न पाहता ते म्हणाले, "खणातून घ्या."

चितारींनी खण उघडला. वरच ते कार्ड होते. वाचून त्यांनी कुंचला खाली ठेवला आणि हात धुतले. त्याच दिवशी गावी आईचा दहावा होता. एकुलता मुलगा इथे, आणि पिंड चुलत्याने ठेवला होता.

"तुम्ही ह्या वाचल्यात?" त्यांनी विचारले.

"तुम्हाला कळलं असतं तर सुतक लागलं असतं, चितारी. भिंत राहिली असती."

"सुतक माका लागला असता. भिंतीक खंय लागता?"

एवढेच बोलून ते खाडीपलीकडची होडी धरायला तरीकडे गेले.

"मगे साहेबान काय म्हटल्यान?" मी नकळत काकींच्याच बोलीत विचारले.

"साहेबाक काय कळता! तो 'छान' म्हणालो, चाय पिऊन गेलो."

मास्तरांनी दुसऱ्या कुणाला त्या भिंतीला हात लावू दिला नाही. तेव्हापासूनचा रिवाज आजही चालतो. थैली उघडली की आधी कार्डांचे कोपरे पाहतात. तसे एखादे असले तर बाकीचे टपाल तिथेच टाकून आधी ते पोचवून येतात. आता वर्षातून एखादेच निघते.

केळुसकर मास्तर पुढे अकरा वर्षे त्याच पोस्टात होते. दर रविवारी ते तरीपर्यंत जात, असे सांगतात. चितारींच्या गावी ते कधीच गेले नाहीत.