समोरच्या काठावरची निळी कुपी

पाय पोटाशी घेऊन बसा आणि मधे मधे बोलू नका. ही गोष्ट चंपाची. चंपा म्हणजे मुठीएवढी पोर. केसांच्या जटा, फ्रॉकला ठिगळं, पण डोळे असे लुकलुकते की चांदण्यांनी लाजावं.

तिचा बा धर्मा रंगारी. लुगडी रंगवायचा. डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, लिंबोणी! त्याची लुगडी वाळत पडली की फुलपाखरं फुलं सोडून त्यांच्यावरच यायची. पण रंगाच्या हौदाच्या वाफेनं त्याचे डोळे गेले. आधी पिवळा रंग गेला, मग हिरवा, मग सगळं राखाडी झालं, आणि एक दिवस राखाडीसुद्धा गेलं. चंपाला आई नव्हती. काम बंद, चूल थंड. तेव्हा बा म्हणाला, "नर्मदामाईला पायी फेरी घालू. तिला दया आली तर दिसेल."

आता फेरीचा नियम ऐका. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. एका काठानं समुद्रापर्यंत जायचं, तिथं वळसा घालायचा आणि दुसऱ्या काठानं परत यायचं. मधे कुठंही नदी ओलांडायची नाही. एक पाऊल पलीकडे पडलं की चाललात ते सगळं फुकट.

तर निघाली दोघं. काठीचं पुढचं टोक चंपाच्या हातात, मागचं बाच्या. चालता चालता बरेच दिवस झाले. एके दिवशी सकाळी ऊन कसं कोवळं, सोनेरी. गवतावर दवाचे इवले इवले मणी. बानं रोजच्यासारखं विचारलं, "चंपे, पाणी कसंय आज?"

"हिरवं."

"हिरवं म्हणजे? मेथी हिरवी, पोपट हिरवा, बेडूकही हिरवाच. रंगाऱ्याची पोर ना तू?"

"मोरपंखी!" चंपा म्हणाली. तिला तेवढाच एक भारी शब्द यायचा.

"हां! मोरपंखी!" बा खूश झाला आणि भरभर चालू लागला.

वाटेत गाव नव्हतं, म्हणजे जेवणही नव्हतं. फेरीला निघालेल्यांनी शिधा साठवायचा नसतो, कुणी देईल ते खायचं. झाडीत कुणी द्यायला असेल तर ना! दुपार कलली तेव्हा नदी अगदी अरुंद झाली. दोन्हीकडे काळे कातळ. हाक मारली तर पलीकडे ऐकू जाईल एवढंच अंतर. बा झाडाखाली टेकला. आणि चंपा किंचाळली.

"काय गं? विंचू?"

"नाही बा! परी!"

"हॅट्! ऊन लागलंय तुला."

पण खरंच परी! धावड्याच्या खोडावर मधाच्या रंगाचा डिंक ओघळला होता आणि त्यात अंगठ्याएवढी परी चिकटून बसली होती. खंड्या पक्ष्यासारखे निळे पंख, गुलाबी गुलाबी पाय, आणि रडून रडून नाक लाल.

चंपाजवळ बाच्या भेगाळलेल्या टाचांसाठी जपलेलं थोडंसं तेल होतं. "बा, इथं एक जीव अडकलाय. तेल सगळं संपेल."

"मग संपू दे की! माझ्या टाचा काय पळून चालल्यात?"

चंपानं थेंब थेंब तेल लावून ते नाजूक पंख सोडवले. परी टुणकन हवेत उडाली. चमचम चमचम! "बाळ, तीन गोष्टी माग. देते."

चंपाच्या पोटात केव्हापासून कावळे ओरडत होते. ती पटकन म्हणाली, "गरम भाकरी! वर गुळाचा खडा!"

धप्प! भाकरी आली. पण कुठं? समोरच्या काठावर, कातळाच्या पायथ्याशी! वाफ निघताना दिसत होती. चंपाचं तोंड उघडंच राहिलं.

"अय्या, सांगायचं राहिलंच," परी म्हणाली. "माझी जादू पाण्यावरून उडून पलीकडेच उतरते. आणि सूर्य बुडताना जे कुणाच्या हातात किंवा अंगावर असेल, तेवढंच राहतं. बाकीचं विरून जातं."

राहिलंच म्हणे! परी असली म्हणून काय झालं, नियम आधी सांगायला नको? भुकेल्या लेकराशी असं वागतात?

पण चंपा रडली नाही. हळूच म्हणाली, "माझ्या बाचे डोळे."

टिंग! समोरच्या कातळाच्या अगदी टोकावर एक चिमुकली निळी कुपी लखलखली. "दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब," परी म्हणाली. "आणि जायला पूल हवा ना? हा माझ्याकडून." तिनं पंख झटकले. ह्या काठापासून त्या काठापर्यंत सात रंगांचा झुळझुळीत पूल उभा राहिला.

चंपा थिजली. पळत जायचं, कुपी घ्यायची, पळत यायचं. बाला दिसत नाही. त्याला कळणारही नाही! तिनं एक पाय उचलला.

मागं बा नदीशी बोलत होता. "माई, पोरगी नीट चालवते हो मला. तुला ओलांडलं नाही कुठं. तिच्या हातात काठी आहे तोवर मला घोर नाही."

उचललेला पाय चंपानं आपल्याच काठावर परत ठेवला. "पूल काढून घे परीताई," ती म्हणाली आणि मग मात्र ढसाढसा रडली.

तेवढ्यात पलीकडे मोळी घेऊन एक म्हातारी आली. कातळाशी मोळी टाकून मटकन बसली. तिला भाकरी दिसली. "ए पोरी! कुणाची गं ही?"

"तुझी! खा!"

"चल, खोटारडी! ह्या गुलीसाठी कोण भाकरी टाकतंय?"

"खा गं आजी, गार होईल!"

गुलीआजीनं भाकरी खाल्ली, बोटं चाटली आणि पाय पसरले. चंपा बघते तर काय, पाय नव्हेतच ते! काट्यांनी फाटलेले, रक्तानं माखलेले.

एकच मागणं उरलं होतं. सूर्य डोंगराला टेकला होता. कुणीही शहाण्यानं काय मागितलं असतं? कुपी तेवढी राहू दे, असंच ना? आणि ही काय म्हणाली माहीत आहे? "परीताई, तिला चपला दे. मऊ दे."

अगं ए वेडे! बाचे डोळे चालले ना! परीसुद्धा हवेत गपकन थांबली. पण मागितलं ते मागितलं. गुलीआजीच्या पायांत लालचुटुक चपला आल्या, वर हिरवे गोंडे.

"अगं बया!" म्हातारी ओरडली. "दुखतच नाही की!" आणि आनंदानं शेळीसारख्या उड्या मारत चढली की कातळावर! एक उडी, दुसरी उडी, थेट टोकावर. "हे निळं निळं काय गं इथं?"

"हातात घे!" चंपा जीव तोडून ओरडली. "आजी, हातात! आत्ता!"

म्हातारीनं कुपी मुठीत धरली आणि सूर्य बुडाला.

"बाच्या डोळ्यांचं औषध आहे ते!" चंपा ओरडली.

"मग फिरून या सावकाश! माझी झोपडी इथंच आहे. मी कुठं जात नाही!"

बा उठून उभा राहिला होता. चंपानं त्याला सगळं सांगितलं, उचललेल्या पायासकट. त्यानं काठीचं आपलं टोक घट्ट धरलं.

मग ती दोघं चालली. समुद्रापर्यंत चालली, वळसा घातला, पावसाळाभर एका गावात थांबली, पुन्हा चालली. आणि एका सकाळी त्याच कातळापाशी, पण ह्या खेपेला पलीकडच्या काठावर, लाल चपला घातलेली गुलीआजी कुपी मुठीत धरून उभी होती.

एक थेंब. दुसरा थेंब. बानं डोळे उघडले. आधी चंपाकडे पाहिलं, खूप वेळ. मग नदीकडे पाहिलं आणि केवढ्यानं दचकला!

"चंपे! हे मोरपंखी?"

"हो ना?"

"अगं, शेवाळी आहे हे! सगळी वाट मला फसवलंस की गं!"

गुलीआजी पोट धरधरून हसली. तेवढ्यात समोरच्या काठावरच्या त्याच धावड्याच्या पानांतून परी उडाली. गिरकी घेत वर वर गेली आणि उजेड होऊन फुटली. असा रंग आभाळभर सांडला की धर्मा रंगाऱ्याला त्याचं नावच सुचेना. साऱ्या जगाचे रंग कालवले होते त्यानं, पण हा नव्हता पाहिला.

"चंपे," तो हळूच म्हणाला, "ह्याला काय म्हणायचं गं?"

"मोरपंखी!" चंपा म्हणाली.

आणि ह्या वेळी बानं वाद घातला नाही.